वाचकांचे प्रश्न : जीन्सच्या खिशावरची तांब्याची टिकली

अमेरिकी पोशाखाविषयी आलेल्या पत्रांत जीन्सबद्दलची पत्रे सर्वांत जास्त होती, म्हणून हे सदर तिलाच दिले आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : कॅलिफोर्नियात सोने सापडले तेव्हा लेवी स्ट्रॉस तिथे तंबूचे कापड विकायला गेला, ते खपेना म्हणून त्याने त्याच कापडाच्या पँट शिवून खाणकामगारांना विकल्या आणि अशा रीतीने जीन्स जन्मली, असे वाचले आहे. ही हकीकत खरी आहे का?

हकीकत मोठी सुबक आहे, आणि ती इतकी सुबक आहे यातच संशयाला जागा आहे. कॅलिफोर्नियाकडे सोन्यासाठी झुंबड उडाली ती १८४९ च्या सुमारास, तर आपण जिला जीन्स म्हणतो ती पँट १८७३ मधली आहे. मधल्या चोवीस वर्षांचा हिशेब ही दंतकथा देत नाही. १९०६ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्को शहर बेचिराख झाले, तेव्हा लेवी स्ट्रॉसच्या पेढीचे जुने दप्तरही जळाले. कागद नसले की गोष्टींना मोकळे रान मिळते, तसेच इथे झाले.

जे निश्चित सांगता येते ते असे. लेवी स्ट्रॉसचा जन्म १८२९ मध्ये बव्हेरियातल्या बुटेनहाइम या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांच्या मृत्यूनंतर तो आई आणि बहिणींबरोबर न्यूयॉर्कला आला. तिथे त्याच्या थोरल्या भावांचा कापडचोपडाचा घाऊक व्यापार होता. १८५३ मध्ये तो त्याच व्यापाराची पश्चिमेकडची पेढी उघडण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तो शिंपी नव्हता आणि खाणीत उतरणाराही नव्हता. ताग्यांवर तागे मागवायचे आणि लहान दुकानदारांना विकायचे, हा त्याचा धंदा होता आणि तो त्यात चांगला स्थिरावलेला होता.

शिंपी होता तो जेकब डेव्हिस. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासाचा नायक तोच आहे, जरी पँटच्या पट्टीवर त्याचे नाव कधी आले नाही. डेव्हिस मूळचा रीगा शहराचा. अमेरिकेत येऊन बरीच भटकंती केल्यानंतर त्याने नेवाडा राज्यातल्या रीनो या रेल्वेच्या गावी शिवणकामाचे दुकान थाटले होते. तंबू, गाडीवरची आच्छादने, घोड्यांच्या झुली असे जाडेभरडे काम तो करीत असे आणि त्यासाठी लागणारे कापड लेवी स्ट्रॉसच्या पेढीकडून मागवीत असे. १८७० च्या अखेरीस किंवा पुढच्या वर्षाच्या आरंभी एक बाई त्याच्याकडे आली आणि लाकूडतोड करणाऱ्या आपल्या धिप्पाड नवऱ्यासाठी सहजासहजी फाटणार नाही अशी पँट तिने मागितली. डेव्हिसने पांढरट रंगाच्या जाड सुती कापडाची पँट शिवली. खिशांचे कोपरे नेहमी तिथूनच उसवतात हे त्याला ठाऊक होते, आणि झुलींचे पट्टे जोडण्यासाठी वापरायची तांब्याची रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवायच्या टिकल्या, त्याच्या मेजावर पडलेलीच होती. तीच त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकली. या पँटचे त्याने तीन डॉलर घेतले. पुढच्या दीड वर्षात त्याने अशा सुमारे दोनशे पँट विकल्या.

आता कोणीतरी नक्कल करील, ही धास्ती त्याला वाटू लागली. पेटंटसाठी लागणारे ६८ डॉलर हाताशी नव्हते, म्हणून त्याने १८७२ मध्ये आपल्या कापडवाल्याला, म्हणजे लेवी स्ट्रॉसला पत्र लिहिले. इंग्रजी लेखनाच्या चुकांनी भरलेल्या त्या पत्राचा आशय असा होता की या पँटांचे सारे रहस्य खिशांवर ठोकलेल्या रिव्हेटमध्ये आहे; पेटंटचा खर्च तुम्ही करा आणि निम्मी भागी घ्या. स्ट्रॉस हिशेबी माणूस होता, त्याने संधी ओळखली. २० मे १८७३ रोजी १,३९,१२१ क्रमांकाचे पेटंट मंजूर झाले. ते पँटचे नाही, निळ्या कापडाचेही नाही. ते खिशाचे तोंड बळकट करण्याच्या पद्धतीचे आहे. डेव्हिस सॅन फ्रान्सिस्कोला येऊन उत्पादनावर देखरेख करू लागला आणि १९०८ पर्यंत जगला. त्याच्या नातवाने १९३५ मध्ये ‘बेन डेव्हिस’ नावाने कामाच्या कपड्यांची स्वतःची कंपनी काढली, एवढाच काय तो त्या घराण्याच्या नावाचा बाजारातला ठसा.

पेटंटची सतरा वर्षांची मुदत १८९० मध्ये संपली आणि रिव्हेट ठोकण्याची मुभा सर्वांनाच मिळाली. लेवी स्ट्रॉसच्या पेढीने आपल्या सर्वोत्तम पँटला ५०१ हा क्रमांक दिला तोही साधारण याच सुमारास. आपल्या पँटची ओळख चटकन पटावी अशी खूण मात्र तिने त्याआधीच, १८८६ पासून लावली होती : पाठीमागे कातड्याची पट्टी, तिच्यावर दोन घोडे एक पँट विरुद्ध दिशांना ओढत आहेत असे चित्र. गिऱ्हाइकांतल्या अनेकांना वाचता येत नसे आणि कित्येकांना इंग्रजी येत नसे. ते दुकानात ‘दोन घोड्यांची पँट’ मागत.

प्रश्न : उजव्या खिशात जो इवलासा खिसा असतो, त्याचा उपयोग काय? नाणी ठेवण्यासाठी तो फारच अडचणीचा आहे.

नाण्यांसाठी तो नव्हताच. तो साखळीच्या घड्याळाचा खिसा आहे आणि आज माहीत असलेल्या सर्वांत जुन्या जीन्सवरही तो आढळतो. मनगटी घड्याळे आल्यावर त्याचे काम संपले, पण तो काढायचे कोणाच्या मनात आले नाही.

जीन्सच्या अंगावर अशा कितीतरी जागा आहेत, ज्या एकेकाळी कोणत्यातरी अडचणीवरचा उपाय होत्या, आणि या पँटचा खरा इतिहास मी तरी जाहिरातींपेक्षा या जागांवरच वाचतो. सुरुवातीला मागे एकच खिसा होता. दुसरा १९०१ मध्ये आला. कमरेला पट्टा अडकवण्याचे फास १९२२ पर्यंत नव्हते, कारण पँट गॅलिसने, म्हणजे खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्यांनी, पेलली जाई आणि मागे असलेल्या बकलाच्या पट्टीने ती कमरेत आवळता येई. मागच्या खिशांवरच्या रिव्हेटनी घोड्यांची खोगिरे आणि शाळेतली बाके ओरखडली जातात अशा तक्रारी आल्या, म्हणून १९३७ मध्ये ती कापडाखाली झाकली गेली. पण कापड झिजले की ती पुन्हा डोके वर काढीत. अखेर १९६६ मध्ये ती काढून त्यांच्या जागी दाट टाके घालण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धात धातू, कापड आणि दोरा यांच्या वापरावर सरकारी बंधने आली. घड्याळाच्या खिशावरची रिव्हेट गेली, दोन्ही पायांच्या जोडावरचे रिव्हेट गेले आणि मागची बकलाची पट्टीही गेली. मागच्या खिशांवरची कमानीसारखी दुहेरी टीप केवळ शोभेची असल्यामुळे तिच्यासाठी दोरा खर्च करण्याची परवानगी नव्हती. कंपनीने त्यातूनही वाट काढली : ती टीप खिशांवर चक्क रंगाने काढली जाऊ लागली. चार धुण्यांत तो रंग निघून जात असणार हे उघड आहे, पण दुकानात पँट ओळखू आली की काम झाले.

प्रश्न : जीन्स बाहेरून निळी आणि आतून पांढुरकी का असते? शिवाय तिचा रंग इतका का उतरतो? आणि डेनिम व जीन्स हे दोन्ही शब्द एकाच कापडाचे का?

डेनिमच्या विणीत उभे धागे निळीत रंगवलेले असतात आणि आडवे धागे बिनरंगाचे असतात. वीण तिरप्या रेघांची असते. तिच्यात बहुधा प्रत्येक आडवा धागा तीन उभ्या धाग्यांखालून जाऊन एकावरून येतो. त्यामुळे दर्शनी बाजूला निळे धागे जास्त दिसतात आणि उलट्या बाजूला पांढरे.

रंग उतरण्याचे कारण निळीच्या स्वभावात आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. रासायनिक क्रियेने तिचे रूप बदलले की ती विरघळते आणि पिवळट-हिरवी होते. त्या द्रावणात धागा बुडवून हवेत काढला की हवेतल्या ऑक्सिजनमुळे ती पुन्हा निळी आणि अविद्राव्य बनते. ही बुडवणूक अनेकदा करतात, तरी रंग धाग्याच्या बाहेरच्या थरांतच राहतो आणि गाभा पांढराच उरतो. कापड जिथे घासले जाते तिथे वरचा थर झिजतो आणि आतला पांढरा गाभा दिसू लागतो. म्हणूनच गुडघे, मांड्या, खिशाच्या कडा या जागा आधी फिकट होतात, आणि प्रत्येकाची पँट त्याच्या बसण्या-उठण्याप्रमाणे वेगळी झिजते. रंगाऱ्याच्या दृष्टीने हा दोष आहे. बाजाराने मात्र त्याचा गुण केला, इतका की पुढे नवी कोरी पँट कारखान्यातच प्युमिस या सच्छिद्र दगडांबरोबर घुसळून जुनी करून विकण्याचा प्रघात पडला. याचे मला आजही नवल वाटते.

ही नीळ वनस्पतीपासून येत असे. अठराव्या शतकात दक्षिण कॅरोलिनाच्या वसाहतीत गुलामांच्या श्रमावर निळीचे मळे उभे राहिले होते, पण जीन्स कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर निघू लागली त्या काळातच कृत्रिम नीळही अवतरली. जर्मन कंपनी बीएएसएफने ती १८९७ मध्ये बाजारात आणली आणि त्यानंतर काही वर्षांतच मळ्यांची सद्दी संपली.

आता नावे. ‘जीन’ हा शब्द इटलीतल्या जेनोआ बंदराच्या नावावरून आला, तर ‘डेनिम’चा संबंध फ्रान्समधल्या नीम शहराच्या सर्ज कापडाशी जोडतात, या दुसऱ्या व्युत्पत्तीवर अभ्यासकांचे एकमत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत ही दोन वेगळी कापडे होती : जीनमध्ये उभे-आडवे दोन्ही धागे एकाच रंगाचे असत, डेनिममध्ये एकच रंगवलेला असे. गंमत अशी की पँट डेनिमची झाली आणि नाव जीनचे चिकटले. तेही लगेच नाही. उत्पादक तिला ‘कमरेपर्यंतचे ओव्हरऑल’ म्हणत; ओव्हरऑल म्हणजे कामाच्या वेळी घालायचा जाडाभरडा पोशाख. ‘जीन्स’ हे नाव तरुण गिऱ्हाइकांच्या तोंडी रुळले आणि लेवी स्ट्रॉस कंपनीने ते आपल्या जाहिरातींत स्वीकारले ते १९६० मध्ये. अमेरिकी नौदलात मात्र ‘डंगरी’ हा शब्द चाले. तो ज्या भरड्या सुती कापडावरून आला, त्या कापडाचे नाव कोशकार मुंबईच्या डोंगरीशी जोडतात.

प्रश्न : मजुरांची ही पँट सगळ्यांची कशी झाली? चित्रपटांमुळे असे सर्वत्र म्हटले जाते.

चित्रपटांचा वाटा मोठा आहे, पण ते दुसऱ्या अंकात येतात. पहिला अंक गुरांच्या कुरणांवर घडला.

१९३० च्या दशकात मंदीमुळे पश्चिमेकडच्या पशुपालकांचे उत्पन्न घटले, आणि पूर्वेकडच्या शहरांतली सुखवस्तू कुटुंबे पैसे मोजून त्यांच्या कुरणांवर सुटी घालवायला येऊ लागली. घोड्यावर बसायचे तर तिथल्या लोकांसारखे कपडे हवेत, म्हणून या पाहुण्यांनी जीन्स घेतल्या आणि परतताना आठवण म्हणून घरी नेल्या. त्यांच्यात बायकाही होत्या. लेवी स्ट्रॉस कंपनीने खास स्त्रियांसाठी जीन्स काढली ती १९३४ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी ‘व्होग’ मासिकाने कुरणावरच्या सुटीचा योग्य पोशाख म्हणून तिला जागा दिली. याच काळात नेवाडाने घटस्फोटासाठी लागणारी रहिवासाची मुदत १९३१ मध्ये सहा आठवड्यांवर आणली, त्यामुळे इतर राज्यांतल्या स्त्रिया तेवढे दिवस रीनोच्या आसपासच्या कुरणांवर येऊन राहत आणि तिथे जीन्समध्ये वावरत. जेकब डेव्हिसने पहिले रिव्हेट ठोकले ते हेच रीनो.

या सुमारास दुसऱ्या कंपन्याही पुढे आल्या होत्या. कॅन्ससमधल्या सलायना गावी सुरू झालेल्या ‘ली’ कंपनीने १९२० च्या दशकातच बटणांऐवजी चेन लावलेली पँट काढली. ‘रँगलर’ १९४७ मध्ये आली. ती घोडेस्वारांसाठी बेतली होती फिलाडेल्फियाच्या एका शिंप्याने, जो ‘रोडिओ बेन’ या नावाने ओळखला जाई. लेवी स्ट्रॉसने मागच्या खिशाला लाल फीत लावली ती १९३६ मध्ये, गर्दीतही आपली पँट लांबून ओळखू यावी म्हणून.

मग युद्ध झाले, आणि युद्धानंतरच्या समृद्धीत अमेरिकेत प्रथमच ज्यांच्या खिशात स्वतःचे पैसे आहेत अशी किशोरवयीन मुलांची एक पिढी उभी राहिली. १९५३ मध्ये मार्लन ब्रँडो पडद्यावर मोटरसायकलवाल्यांच्या टोळीचा म्होरक्या म्हणून जीन्समध्ये आला, १९५५ मध्ये नट जेम्स डीन आला. ब्रँडोच्या त्या भूमिकेपाठोपाठ जीन्स म्हणजे उनाडपणा असे समीकरण मोठ्यांच्या मनात बसले आणि अनेक शाळांनी ती वर्गात घालून येण्यास मनाई केली. बंदीने जाहिरातीपेक्षा अधिक काम केले असावे, असा माझा तर्क आहे. उत्पादकांना मात्र ती झोंबली. लेवी स्ट्रॉसने १९५७ मध्ये एका नीटनेटक्या मुलाचे चित्र छापून ‘ही पँट शाळेसाठी योग्य’ अशा अर्थाची जाहिरात केली, तेव्हा न्यू जर्सीच्या एका बाईंनी कंपनीला कळवले की तुमच्या सॅन फ्रान्सिस्कोत किंवा खेड्यापाड्यांत ती शाळेला चालत असेल, इकडे पूर्वेला ती अभिरुचीला सोडून आहे. वर्ग आणि प्रदेश यांचा हा भेद ध्यानात घेतल्याशिवाय त्या बंद्यांचा अर्थ लागत नाही. मुलांचे गुन्हेगारीकडे वळणे हे निमित्त होते, आपली मुले शेतमजुरांसारखी दिसतील हे दुखणे होते.

हे केवळ मुलांपुरते नव्हते. १९५१ मध्ये गायक-नट बिंग क्रॉस्बी शिकारीहून परतताना डेनिमच्या कपड्यांत कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या एका हॉटेलात गेला, तेव्हा त्याला ओळखण्यापूर्वी खोली नाकारण्यात आली. लेवी स्ट्रॉस कंपनीने मग त्याला चक्क डेनिमचा टक्सिडो, म्हणजे समारंभात घालायचा औपचारिक सूट, शिवून दिला आणि आत एक मोठी पट्टी लावली, जिच्यावर तमाम हॉटेलवाल्यांना उद्देशून बजावले होते की या वेशातल्या माणसाला सन्मानाने प्रवेश द्यावा.

प्रश्न : डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे निळ्या डेनिममधले छायाचित्र पाहिले. एरवी ते नेहमी सुटात दिसतात. त्यामागे काही कारण होते का?

होते. एप्रिल १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात वंशभेदाविरुद्ध आंदोलन चालू होते आणि शहराच्या मध्यवर्ती भागातल्या दुकानांवर कृष्णवर्णीयांनी बहिष्कार टाकला होता. ईस्टर तोंडावर आला होता आणि ईस्टरला नवे कपडे घेण्याची रीत होती. नवे कपडे घेऊ नका, कामाच्या कपड्यांत राहा, असे बहिष्काराचे सांगणे होते. १२ एप्रिलला किंग आणि त्यांचे सहकारी राल्फ अॅबरनाथी यांना अटक झाली तेव्हा दोघेही डेनिममध्ये होते.

ग्रामीण दक्षिणेत मतदार नोंदणीचे काम करणाऱ्या विद्यार्थी कार्यकर्त्यांनीही त्याच काळात डेनिमचे ओव्हरऑल स्वीकारले. खंडाने जमीन कसणाऱ्या ज्या गरीब कुटुंबांत ते राहत, त्यांचा तो रोजचा वेश होता. हे सोपे नव्हते. कृष्णवर्णीय मध्यमवर्गातल्या अनेक आई-बापांनी मुलांना याच कपड्यांपासून दूर नेण्यासाठी हाडाची काडे केली होती, आणि शिकलेल्या मुलामुलींनी ते आपणहून अंगावर चढवावेत हे त्यांना रुचले नाही. दशकाच्या उत्तरार्धात युद्धविरोधी तरुणांनी जीन्सला ठिगळे लावली, तिच्यावर फुले काढली. त्यांचीच छायाचित्रे अधिक छापली जातात. ओव्हरऑलमधले ते कार्यकर्ते त्यांच्याआधीचे होते, एवढे लक्षात ठेवावे.

प्रश्न : जुन्या जीन्सना लिलावात प्रचंड किंमत येते म्हणतात. खरोखर किती? आणि जीन्स अजून अमेरिकेतच बनतात का?

२०२२ च्या ऑक्टोबरात न्यू मेक्सिको राज्यात १८८० च्या दशकातली एक लेवी स्ट्रॉस पँट ७६,००० डॉलरला गेली. लिलावाचे शुल्क धरून ती रक्कम ८७,४०० डॉलर झाली. ती एका सोडून दिलेल्या खाणीत सापडली होती आणि तिच्यावर मेणबत्तीच्या मेणाचे डाग होते, कारण खाणकामगार मेणबत्तीच्या उजेडात काम करीत. मागे एकच खिसा, गॅलिसची बटणे, कमरेची बकलाची पट्टी, सारे जागच्या जागी होते.

त्या पँटच्या खिशाच्या आत एक छापील मजकूरही होता : ही पँट केवळ गोऱ्या मजुरांनी बनवलेली आहे, अशा अर्थाचा. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांच्या प्रवेशावर कायद्याने बंदी घातली होती, कॅलिफोर्नियात चिन्यांविरुद्ध वातावरण पेटलेले होते, आणि ‘गोऱ्या हातांचा माल’ हे त्या काळी विक्रीचे साधन होते. कंपनीने हे धोरण १८९० च्या दशकात सोडले. जुन्या जीन्सचा गौरव करणारे लेख या ओळीवरून डोळे मिटून पुढे जातात, ते मला पटत नाही. दोन घोडे जितके त्या पँटचे, तितकीच ही ओळही तिची.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात. सुरुवातीचे डेनिम न्यू हॅम्पशायरच्या मँचेस्टर गावातल्या अॅमॉस्केग गिरणीतून येई. पुढे विसाव्या शतकात ५०१ चे कापड उत्तर कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो येथील कोन गिरण्यांतून येऊ लागले. १९९० च्या दशकात शिवणकाम मजुरी स्वस्त असलेल्या देशांकडे वळत गेले आणि २००४ उजाडेपर्यंत लेवी स्ट्रॉसने अमेरिकेतले आपले शेवटचे कारखाने, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचे, बंद केले होते. लहान कारखानदार थोडेफार काम अजून करतात. ज्या काठाच्या, म्हणजे कडेला विणलेली किनार असलेल्या, डेनिमसाठी शौकीन वेडे असतात, ते जुन्या अरुंद मागांवर विणणारी कोनची व्हाइट ओक गिरणी ग्रीन्सबरोमध्ये १९०५ पासून चालू होती. ३१ डिसेंबर २०१७ रोजी तिचे माग थांबले.